आधी चाचणी, मग पथ्य

गहू सोडणं ही शहरांत आता सहज बोलण्याची गोष्ट झाली आहे. पोट फुगतं, थकवा येतो, वजन हलत नाही. कुणीतरी सांगतं, ‘ग्लूटेन बंद करून बघ.’ पोळी बंद होते, थोडं बरं वाटतं आणि प्रश्न सुटला असं समजलं जातं. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या घरात एखादी मुलगी वयाच्या मानाने खुजी राहते, लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचं हिमोग्लोबिन चढत नाही आणि घरातले म्हणतात, ‘खाण्याचे नखरे आहेत, अंगकाठीच तशी आहे.’ पहिल्या घराने ऐकीव उत्तर घेतलं, दुसऱ्याने मनाचं ठरवलं. आजार आहे की नाही हे सांगू शकणारी रक्ताची साधी चाचणी दोन्ही घरांत झालीच नाही.

त्या आजाराचं नाव सीलिअ‍ॅक. सीलिअ‍ॅक म्हणजे पोटाची कुरबुर नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे काही माणसांची रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी आतड्याची बारीक लव झिजून सपाट होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते, मुलींची पाळी लांबते, काही स्त्रियांचे पुन्हा पुन्हा गर्भपात होतात. जुलाब असतीलच असं नाही. कित्येकांना उलट बद्धकोष्ठ असतो. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचं पाहण्यांत आढळलं आहे, भातावर राहणाऱ्या दक्षिणेत तो फारच कमी आढळला. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये आहे. भाकरीच्या आणि भाताच्या या प्रदेशात पोळी, पाव आणि बिस्किट आता रोजचे झाले आहेत. म्हणून ‘हा पंजाबकडचा आजार’ असं मानून इथल्या पालकांनी निर्धास्त राहू नये, आणि डॉक्टरांनी तर मुळीच नाही.

१८८८ साली आगरकरांनी पुण्यात ‘सुधारक’ सुरू केलं. त्याच वर्षी लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. उपाय आहारातच असणार हे त्यांनी ओळखलं, पण नेमका दोष कशात हे त्यांना कळलं नाही. ते कळायला आणखी साठ वर्षं गेली. हॉलंडमध्ये हेग इथल्या मुलांच्या इस्पितळातले विलेम डिके यांना युद्धाआधीच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूला उपासमार असताना सीलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलांच्या आहारात गहू देऊन आणि काढून, मोजमाप ठेवून त्यांनी १९५० मध्ये प्रबंध मांडला. डोळ्यांसमोर इतका बोलका अनुभव असतानाही त्यांनी पुरावा जमवला. आपण दोन दिवस पोळी सोडून निदान करून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आज तो पुरावा रक्तात सापडतो. १९९७ मध्ये जर्मन संशोधकांना कळलं की या रुग्णांचं शरीर टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या स्वतःच्याच विकराविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यांतली आयजीए प्रकारची प्रतिपिंडं मोजणारी टीटीजी-आयजीए ही चाचणी त्यावर उभी आहे. तिच्या बरोबरीने एकूण आयजीए मोजायला हवं, कारण सीलिअ‍ॅकच्या शंभर रुग्णांत दोघा-तिघांच्या रक्तात आयजीएच नसतं आणि त्यांचा रिपोर्ट खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. टीटीजी वाढलेलं असेल, तर प्रौढांमध्ये एंडोस्कोपीतून आतड्याचा तुकडा तपासून खात्री करतात. काही मुलांत आकडा सामान्य मर्यादेच्या दहापटीहून जास्त आणि दुसऱ्या नमुन्यातली वेगळी चाचणीही पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सी टाळता येते. तो निर्णय डॉक्टरांचा.

या साऱ्याला एक अट आहे, आणि ती घराघरांत पोहोचलेली नाही. गहू खाणं चालू असतानाच ही चाचणी करायची. गहू बंद केला की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि खरा रुग्णही कागदावर निरोगी दिसतो. मग खात्री करायची तर किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक वेळा गहू खाऊन आजार पुन्हा ओढवून घ्यावा लागतो. ज्याला नुकतं कुठे बरं वाटू लागलं आहे त्याला हे सांगणं क्रूर आहे. म्हणून ‘आधी पोळी सोड, मग बघू’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला, तरी देऊ नये.

ज्यांना सीलिअ‍ॅक नाही, तरी गव्हाने त्रास होतो, त्यांचा त्रास खरा असतो. पण त्या संवेदनशीलतेला ओळखणारी रक्तचाचणी आजपर्यंत निघालेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात २०१३ साली अशा माणसांवर प्रयोग झाला. पोटात आंबणारी काही कर्बोदकं आहारातून कमी केल्यावर शुद्ध ग्लूटेन दिलं तरी वेगळा त्रास दिसला नाही. गव्हातली तशी कर्बोदकं कांद्या-लसणातही असतात. म्हणजे दोष भलतीकडे असू शकतो. तरीही ‘फूड इन्टॉलरन्स’ नावाची, आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं मोजणारी महागडी पॅकेजं विकली जातात. आयजीजी एवढंच सांगतं की तो पदार्थ तुमच्या पोटात गेला होता. त्या आकड्यावरून लहान मुलाचं दूध, अंडं आणि पोळी एकदम तोडणाऱ्यांना मी आरोग्यसेवक म्हणणार नाही. जनुकांच्या चाचणीचंही तसंच: सीलिअ‍ॅकशी निगडित जनुकं तीस-चाळीस टक्के लोकांत असतात, आजार मात्र फार थोड्यांना होतो. ती जनुकं नसली तर आजार जवळजवळ नक्की नाही, एवढाच तिचा खरा उपयोग.

आणि निदान पक्कं झालं की घराने वागायला शिकायचं. पथ्य जन्मभराचं आणि कडक आहे; ‘एक घास खाल्ल्याने काय होतं’ हे वाक्य त्या घरात पुन्हा उच्चारू नये. सत्यनारायणाचा शिरा नाकारणाऱ्या मुलाला कुणी देवाचा धाक घालू नये. त्याच्यासाठी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा असं भरलेलं कोठार आपल्याकडे पूर्वीपासून आहे. मात्र गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ त्याच दगडांवर दळलेली ज्वारी त्याला चालत नाही. फोडणीतल्या बांधानी हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, हे फार थोड्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. मुलगी असेल तर आजार लपवून लग्न ठरवण्याची घाई होते. मग सासरी ती पहिल्याच दिवशी सर्वांसोबत पोळी खाते आणि वर्षभरात खंगते. हा लपवाछपवीचा गुन्हा आईबापांनी करू नये, आणि सांगितल्यावर नकार देणाऱ्या घराला शिकलेलं म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

रुग्णाचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यात हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, म्हणून त्रास असो वा नसो, त्यांचीही तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे भावंडांची तपासणी होते, वडिलांची कधी कधी होते. आई म्हणते, ‘माझं राहू दे, त्याचं बघा.’ वर्षानुवर्षं रक्त कमी असलेली, गुडघे धरून उठणारी, लोहाच्या गोळ्या संपल्या की पुन्हा तीच चिठ्ठी दाखवणारी ती बाई आहे. मुलाचा रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांनी तिच्याही नावाची चिठ्ठी लिहावी, आणि त्याच आठवड्यात, गहू बंद होण्याआधी, नवऱ्याने तिला लॅबमध्ये घेऊन जावं.