पाणी, गवत आणि अग्नी : तीन सामायिक अमानती



पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टी सामायिक आहेत, अशा आशयाची हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे. आजच्या भाषेत हीच जलसंपदा, वनसंपदा आणि ऊर्जा होय. प्रेषितांनी (स.) तिन्हींचा उल्लेख एकत्र केला, यावर आपण विचार करावा.

आपल्या जिल्ह्यातील राधानगरी पाहा. भोगावतीवरील या धरणाचा संकल्प राजर्षी शाहू महाराजांनी 1907 मध्ये केला. 1922 मध्ये ते निवर्तले तेव्हा काम अपुरे होते; स्वातंत्र्यानंतर ते पूर्ण झाले. तेच पाणी वीज निर्माण करते आणि पुढे शिवारे भिजवते. सभोवतीचे गव्यांचे अरण्य माती धरून ठेवते, म्हणून जलाशयात गाळ कमी येतो. अरण्य तुटले तर पाणी आटेल, पाणी आटले तर वीज थांबेल. सूरह रहमानमध्ये ज्या ‘मीजान’चा, म्हणजे समतोलाचा, उल्लेख आहे आणि ज्यात अतिक्रमण करण्यास मनाई आहे, त्याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण.

2019 च्या महापुरात पंचगंगेने शहर वेढले, उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. पाणी घरी पोहोचते ते विजेच्या बळावर, हे तेव्हा सर्वांना उमगले. म्हणूनच वाहता सोडलेला नळ हा दुहेरी इस्राफ आहे: पाण्याचाही आणि विजेचाही.

प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, असे बुखारी व मुस्लिम यांनी नोंदवले आहे. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची एक भरली ओंजळ. आपल्या वुजूखान्यात एका पायावरच किती ओंजळी वाहून जातात? इबादतीच्या तयारीतच सामायिक हक्काची उधळण होत असेल, तर त्याचा जाब कोण देणार?

तेव्हा वुजूसाठी नळ बारीक सोडा किंवा लोटा घ्या. वुजूचे पाणी मशिदीच्या आवारातील झाडांकडे वळवा. नमाजनंतर पंखे-दिवे बंद करण्याची जबाबदारी मुलांवर सोपवा. झाड लावाल तर त्याचे फळ माणूस, पशू वा पक्षी कोणीही खाल्ले तरी ते आपल्यासाठी सदका ठरते. सावली स्वतःला मिळेलच, अशी अट त्यात नाही.

अल्लाहतआला आम्हा सर्वांना या अमानती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.