पहिली गुणपत्रिका

रायपूरच्या बूढापारा या जुन्या वस्तीत बूढा तलावाजवळ माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. याच वस्तीतील डे भवनाशी नरेंद्रनाथ दत्त यांच्या, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंदांच्या, किशोरवयाची आठवण निगडित आहे. 1877 ते 1879 या काळात ते आपल्या वडिलांसमवेत रायपुरात होते. त्या दोन वर्षांत रीतसर शाळा घडली नाही. जे शिकणे झाले ते वडिलांच्या सहवासात. कलकत्त्याला परतल्यावर मागे पडलेला अभ्यास भरून काढून 1879 मध्ये ते प्रवेश परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले. या शहरात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच्या दारापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी गुणांनी दगा दिला की हीच उदाहरणे धीर देण्यासाठी पुढे केली जातात.

धीर देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु या युक्तिवादात एक दोष आहे. थोरांचे मागे पडणे आपल्याला ठाऊक असते, ते ती माणसे पुढे थोर झाली म्हणून. जे मागे पडले आणि मागेच राहिले, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. तेव्हा ‘अमुक नापास झाला तरी मोठा झाला’ या विधानातून नापास होण्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. शिवाय त्यात एक सूक्ष्म क्रौर्यही दडलेले असते. सामान्य मुलाला सावरण्यासाठी असामान्य होण्याची अट त्यात नकळत घातली जाते. खरा प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. ज्याला केवळ एक बरा डॉक्टर व्हायचे आहे, त्याच्या आरंभीच्या अपयशाचे नैतिक मोल काय?

प्रवेशाच्या पद्धती या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देत आल्या आहेत. महाराष्ट्रात 1970 च्या दशकात दहा अधिक दोनची रचना येण्यापूर्वी इंटर सायन्सच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश ठरत असे, आणि त्या एका वर्षी आजारपण आले किंवा घरात मृत्यू झाला तर आयुष्याची वाट बदलून जाई. आजच्या ‘नीट’ परीक्षेचे 720 गुण मागचा इतिहास फारसा विचारीत नाहीत. बारावीची किमान पात्रता असली की पुन्हा बसता येते. मात्र प्रत्येक पुनरारंभाची किंमत घरातील एक वर्ष, शिकवणीचे शुल्क आणि वडीलधाऱ्यांची अबोल नजर या रूपाने मोजावी लागते. कोटा येथील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी ही किंमत कोणत्या थराला जाऊ शकते ते दाखवून दिले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिसरीच रीत परिचित आहे. तेथे एम.डी.च्या प्रवेशअर्जात महाविद्यालयातील प्रत्येक विषयाचे गुण नोंदवावे लागतात. विषय पुन्हा घेऊन उत्तम गुण मिळवले तरी पहिले गुण सरासरीतून पुसले जात नाहीत. पहिली रीत माणसाला एका क्षणावर तोलते, दुसरी त्याचा भूतकाळ बाजूला ठेवते, तिसरी त्याची सरासरी काढते.

भारतीय विचारपरंपरेला ही कोंडी अपरिचित नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हा कर्माचा त्रिविध भेद मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातही उतरला आहे. संचित नाकारता येत नाही. त्याचा जो भाग फळू लागला तो भोगावाच लागतो. तरीही जे आज केले जात आहे त्याला जागा उरते. सरासरीला मात्र क्रियमाण कळत नाही. पंचेचाळीसवरून पंचाहत्तरवर गेलेला आणि पंचाहत्तरवरून पंचेचाळीसवर घसरलेला, दोघेही तिच्या लेखी साठच. मनुष्य म्हणजे त्याच्या गतकाळाची बेरीज, की त्याने धरलेली दिशा, हा प्रश्न येथे गणिताचा राहत नाही, नीतीचा होतो.

अर्थात वैद्यकाच्या बाबतीत ही उदारता बेफिकीर असून चालणार नाही. शरीरक्रियेचे ज्ञान अपुरे असलेल्या विद्यार्थ्याविषयी वाटणारी करुणा रुग्णाच्या जिवावर दाखवता येत नाही. रुग्ण मात्र डॉक्टरने एखादी गोष्ट केव्हा शिकली हे विचारीत नाही. ती त्याला येते की नाही, एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. उशिरा आलेले ज्ञान हे उणे ज्ञान नव्हे. त्याबरोबर हेही खरे की आरंभीचे गुण पुष्कळदा भलत्याच गोष्टी मोजत असतात. कवर्ध्याच्या किंवा जगदलपूरच्या हिंदी शाळेतून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी विषयाआधी इंग्रजीशी झगडावे लागते. मध्य प्रदेशाने 2022 मध्ये एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची पाठ्यपुस्तके हिंदीत आणली, त्यामागे या अडचणीचीच कबुली होती.

तथापि सर्व दोष परिस्थितीवर टाकला की सावरण्याचा मार्गही हातचा जातो. परिस्थितीचा वाटा किती आणि आपला किती, हा हिशेब विद्यार्थ्याला स्वतःशीच मांडावा लागतो. पाठांतरावर विसंबलो, समजले नाही तेथे विचारले नाही, लाजेपोटी पेपर पुन्हा उघडून पाहिला नाही, ही कबुली अपमानाची नसून पहिल्या उपचाराची आहे. निदान टाळून उपचार होत नाही, हे भावी डॉक्टरला वेगळे सांगावे लागू नये.

या ठिकाणी बूढापाऱ्यातील शाळेला ज्यांचे नाव आहे त्या सप्र्यांचे स्मरण अधिक उपयोगी ठरते. 1908 मध्ये ‘हिंदी केसरी’तील लेखनाबद्दल त्यांना अटक झाली आणि कुटुंबीयांच्या आग्रहापुढे वाकून, माफी लिहून देऊन ते सुटले. त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. हे शल्य सप्र्यांनी लपवले नाही. रामदासी परंपरेतील गुरूच्या सान्निध्यात त्यांनी माधुकरी मागून दिवस काढले, ‘दासबोध’ हिंदीत आणला, आणि पुढे टिळकांनी मंडालेत लिहिलेले ‘गीतारहस्य’ही हिंदी वाचकाला दिले. राजकीय माफी आणि परीक्षेतील अपयश यांची तुलना होऊ शकत नाही. दोहोंतील वजनाचा फरक उघड आहे. परंतु सावरण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. सप्र्यांनी माफीपत्र फाडून टाकले नाही, ते शक्यही नव्हते. त्याच्यापुढे त्यांनी वर्षानुवर्षे काम ठेवले.

गुणपत्रिकेचेही तसेच आहे. पहिले पान बदलता येत नाही, आणि ते बदलण्याची इच्छाही फारशी आरोग्यदायी नसते. पुढच्या पानावर काय लिहायचे एवढेच विद्यार्थ्याच्या हाती असते; ते पान उलटून पाहण्याइतका धीर मात्र घरच्यांनी, शिक्षकांनी आणि प्रवेश देणाऱ्यांनी दाखवायचा असतो.