जागणाऱ्याची राखण कोणी करावी?



आजाऱ्याची सेवा करणाऱ्याने स्वतःच्या देहाची व मनाची काळजी घ्यावी काय, हा प्रश्न वरवर पाहता सोपा दिसतो. परंतु ज्या घरातील मुलगी किंवा सून रुग्णालयात परिचारिका आहे, त्या घरी तो दररोज नव्या रूपाने उभा राहतो. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या सुनेने आधी निजावे की आधी स्वयंपाकास लागावे? आठवड्यात एक सुटी मिळाली तर ती तिने विसाव्यात घालवावी की पाहुण्यांच्या उठाबशीत? रात्री एखाद्या तरुणाचा प्राण तिच्या डोळ्यांदेखत गेला असेल, तर तो भार तिने कोणाजवळ उतरावा? ह्या प्रश्नांची उत्तरे आपण बहुधा विचार न करिता देतो, आणि बहुधा ती तिच्या विरुद्ध देतो. म्हणून ह्या गोष्टीचा एकदा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

वर्धा जिल्ह्यातील आजारी माणूस, मग तो आर्वीकडचा असो की हिंगणघाटचा, दुखणे जिवावर बेतले म्हणजे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात नेला जातो. सेवाग्रामी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आणि ह्या दोन्ही ठिकाणी परिचारिकांचे शिक्षणही होते. साप चावलेला, विषारी औषध पोटात गेलेला, अपघातात डोके फुटलेला, असा रोगी ज्या खोलीत ठेवितात तिला अतिदक्षता विभाग म्हणतात. दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांस आतले काही दिसत नाही. आत मात्र परिचारिका तासातासाला नाडी, रक्तदाब, प्राणवायू व लघवीचे माप लिहून घेत असते. श्वास देणाऱ्या यंत्राच्या नळीत साचलेला कफ ती काढिते. अंगाला व्रण पडू नयेत म्हणून बेशुद्ध माणसास दर दोन तासांनी कुशीवर वळविते. शिरेतून थेंबाथेंबाने जाणाऱ्या औषधाचे प्रमाण चुकले तर प्राणावर बेतेल हे तिला ठाऊक असते. आणि हे सर्व करीत असता दहा यंत्रांच्या घंटांपैकी खरी कोणती व खोटी कोणती, हे ती कानाने ओळखीत असते.

ह्यावरून हे उघड होते की, ह्या कामात परिचारिका जी मुख्य वस्तू देते ती हातांची मेहनत नव्हे, तर अवधान होय. आणि अवधान ही वस्तू अशी आहे की ती झोपेवाचून, अन्नावाचून व मनाच्या स्वस्थतेवाचून टिकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? जिचे डोळे मिटत आहेत तिची इच्छा कितीही चांगली असली तरी औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षर तिला नीट दिसणार नाही.

ह्या बाबतीत दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, सेवा म्हणजे स्वतःस विसरणे. जिला आपली झोप आठवते तिने हे काम पत्करूच नये. दुसरे कोणी म्हणतात, ही एक नोकरी आहे. पगाराइतके काम करावे व बाकीचे ज्याचे त्याने पाहावे. पहिले मत उदात्त दिसते, परंतु त्याचा लाभ बहुधा सेवा करणारीस होत नाही, सेवा घेणाऱ्यासही होत नाही. तो होतो कमी माणसांत काम उरकून घेणारास. दुसऱ्या मतात न्याय आहे, पण मरणाच्या दारी पडलेल्या माणसाचा हात धरून बसण्याची किंमत पगारात मोजता येत नाही, हे त्यात सुटून जाते. खरी गोष्ट ह्या दोहोंच्या पलीकडे आहे. ती अशी की, जागणाऱ्याचा विसावा हा सेवेतून चोरलेला वेळ नव्हे. तो सेवेचाच भाग आहे. आणि तो मिळवून देणे हे एकट्या परिचारिकेचे काम नसून तिला जागविणाऱ्या आपणा सर्वांचे ऋण आहे.

अतिदक्षता विभाग ही संस्था जगात कशी जन्मास आली हे पाहिले असता ह्याची साक्ष पटते. १९५२ साली डेन्मार्क देशाच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रोग्यांस त्या वेळच्या यंत्रांत ठेविले असता पहिल्या तीन आठवड्यांत त्यांतील २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसविण्याची व रबरी पिशवी हाताने दाबून वारा भरण्याची युक्ती सुचविली. युक्ती लागू पडली. परंतु पिशवी दाबणार कोण? एक रोगी म्हणजे अहोरात्र दाबणारा एक हात, आणि तो हात काही क्षण थांबला तरी मृत्यू. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने येऊन बसले आणि आठवड्यांमागून आठवडे त्यांनी हे काम चालविले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले, आणि १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन ह्यांनी त्याच शहरात असा पहिला विभाग उघडिला. आता ध्यानात घ्या: त्या रोग्यांस एका कोणा वीर पुरुषाच्या अखंड जागरणाने वाचविले नाही. त्यांस वाचविले ते पाळीने. एकाचे हात भरून आले म्हणजे दुसऱ्याने पिशवी हाती घेतली, आणि पहिला जाऊन निजला. त्याचे निजणे हाही त्या रोग्यांच्या प्राणरक्षणाचाच भाग होता.

पाळी मोडली म्हणजे काय होते, हेही आज पुष्कळ अभ्यासांवरून कळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाने येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती आटून जाणे, कामाविषयी मन दूर जाऊन कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने ह्यास रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. ह्यातील दुसरे लक्षण नीतीच्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. खाटेवरच्या माणसास नावाऐवजी खाटेच्या आकड्याने हाक मारणारी, नातेवाइकांवर खेकसणारी सिस्टर पाहिली की आपण म्हणतो, हिच्या ठायी दया नाही. कधी तसेही असेल. परंतु पुष्कळदा दया नव्हती असे नाही. ती होती, आणि भरून न येता खर्च होत गेली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, एका परिचारिकेकडे जितके रोगी असतील त्यांत एकाची भर पडताच, शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या ३० दिवसांच्या आत मरण्याचा संभव शेकडा ७ ने वाढतो, आणि त्या परिचारिकेच्या थकून जाण्याचा संभव शेकडा २३ ने वाढतो. म्हणजे तिचा थकवा व रोग्याचे मरण ही एकाच फांदीची दोन फळे आहेत.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, आई तान्ह्या मुलाच्या उशाशी घड्याळ पाहून बसत नाही. आणि सेवाग्रामातच महात्मा गांधींनी परचुरे शास्त्री ह्या कुष्ठरोगाने पीडित झालेल्या संस्कृत पंडितांस आश्रमात ठेवून घेऊन त्यांच्या अंगास स्वतःच्या हाताने मालिश केले, ते काय पाळी मोजून? आक्षेप योग्य आहे, व त्याचे उत्तर त्याच आश्रमात सापडते. तेथे जेवण, झोप, सकाळ-संध्याकाळचे फिरणे ह्यांच्या वेळा ठरलेल्या असत, आणि सोमवारी गांधीजी मौन पाळीत. भेटीस आलेले लोक कितीही मोठे असोत, त्या दिवशी ते बोलत नसत. फार तर कागदावर लिहीत. ज्यास पुष्कळांची सेवा करावयाची आहे त्याने स्वतःभोवती काही कुंपण ठेविलेच पाहिजे, हे त्यांस कळले होते. कुंपण नसलेले शेत सर्वांसाठी मोकळे असते, पण पीक कोणाच्याच हाती येत नाही. आईची गोष्टही तशीच आहे. जिला आजी, मावशी, शेजारीण आहे ती आई मुलाजवळ रात्रीमागून रात्री बसू शकते. जिला कोणीच नाही तिची तिसऱ्या रात्री काय दशा होते ते आपण आपल्या गावी पाहिलेच आहे.

ह्याहून मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग ह्या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार करून तिचा गळा आवळला. तिच्या मेंदूस अशी इजा झाली की ती पुन्हा शुद्धीवर, ज्या अर्थाने आपण शुद्ध म्हणतो त्या अर्थाने, आली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचा अंत झाला. सुमारे ४२ वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांनी तिला भरविले, न्हाऊ घातले, कुशी बदलली. पहिल्या ज्या होत्या त्या निवृत्त झाल्या. ज्यांचा तिच्या दुर्दैवाच्या वेळी जन्मही झाला नव्हता त्यांनी तिची शेवटची सेवा केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही ह्या सेवेचा गौरव केला. कोणा एकीने हे व्रत एकट्याने घेतले असते तर ते पाच वर्षेही चालले नसते. प्रीती ४२ वर्षे टिकली, कारण ती एकीच्या हातून दुसरीच्या हाती जात राहिली. आणि हेही विसरू नये की, त्या घटनेनंतर परिचारिकांनी आपल्या सुरक्षिततेसाठी संप केला होता. ज्यांनी आपल्या रक्षणाची मागणी केली त्याच पुढे सेवेत टिकल्या. ह्या दोन गोष्टींत विरोध नाही.

आता परिचारिकेने स्वतः काय करावे? रात्रपाळीनंतर अंधाऱ्या खोलीत पुरते निजावे. कामाच्या मध्ये पाणी व घास चुकवू नये. थोडे चालावे, ज्यास प्राणायाम मानवतो त्याने तो करावा, ज्यास प्रार्थना त्याने प्रार्थना. मनातील भार बरोबरच्या एखाद्या विश्वासू सिस्टरजवळ बोलून उतरावा. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील जोनाथन बार्टेल्स नावाच्या परिचारकाने एक साधी रीत पाडिली: रोग्याचा प्राण गेल्यावर खाटेभोवतीच्या सर्वांनी क्षणभर स्तब्ध उभे राहावे, गेलेल्या माणसाचा व त्याच्यासाठी झटलेल्या हातांचा मान ठेवावा, आणि मग पुढच्या खाटेकडे जावे. ह्यास पैसा लागत नाही, आणि दुःख आत कोंडून राहत नाही.

तथापि येथे एक सावधगिरी अवश्य आहे. ह्या चांगल्या गोष्टींचेच कधी कधी नवे ओझे होते. जेथे दोघींचे काम एकीवर घातले आहे तेथे तिला दीर्घ श्वास घेण्याचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास सावकाश चावून खाण्यास सांगण्यासारखे आहे. ती थकली तर दोष तिच्याच आळसाचा ठरतो, आणि खाटा तितक्याच व हात कमी, ही गोष्ट तशीच राहते. फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले त्यात एक सबंध प्रकरण ह्याच विषयावर आहे की, आपण हजर असता जे होते ते आपण नसतानाही कसे होईल ह्याची तजवीज करणे हेच व्यवस्थापकाचे मुख्य काम होय. ही तजवीज परिचारिकेच्या मनोनिग्रहाने होत नाही. ती रुग्णालये चालविणाऱ्यांनी व सरकारने माणसे नेमूनच होते.

उरलेले ऋण आपले आहे. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, घायाळास आपल्या जनावरावर बसविले, त्या रात्री त्याची काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी खाणावळीच्या मालकाच्या हाती दोन नाणी ठेवून तो आपल्या वाटेस लागला. त्यास कोणी निर्दय म्हटले नाही. परंतु तो जाऊ शकला, कारण पुढची पाळी घेण्यास खाणावळवाला होता. तो खाणावळवाला आपण व्हावयाचे आहे. रात्रपाळीहून आलेल्या सुनेच्या खोलीजवळ दुपारपर्यंत आवाज न करणे, तिच्या वाट्याची भाकर सासूने किंवा नवऱ्याने भाजणे, विभागाच्या दारी बसलो असता तेच तेच दहा जणांनी न विचारिता एकानेच विचारणे, आणि रोगी दगावला तर शोकाच्या भरात आतल्या सिस्टरवर हात व शब्द न उगारणे, ही सर्व पाळी घेण्याचीच कामे आहेत. मंडळीच्या वडिलांनी व उपदेशकांनी तिला वर्ग घेण्यास सांगण्यापूर्वी, ती निजली केव्हा, हे विचारावे.

वऱ्हाड-वर्ध्याकडचा शेतकरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा तूपहळद लावून शेकतो. जू वाहणाऱ्या खांद्यास ऊब पाहिजे हे त्यास कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. ते त्यास जनावराच्या सहवासाने कळले आहे. आपल्या आजारपणाचे जू ज्यांनी खांद्यावर घेतले, त्या मुलींचा खांदा किती दुखतो हे कळण्यास आपणास त्याहून अधिक विद्येची गरज पडू नये.