दान कोणाचें, नांव कोणाचें?



हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर फाल्गुन-चैत्र लागला म्हणजे विहिरी तळास जातात, आणि बायका हंडे-कळशा घेऊन ओहोळाच्या पात्रांतील झिऱ्यांपाशीं पहाटेपासून बसतात. ज्या मुलखांत पावसाळ्याचे चार महिने धो धो पाणी पडतें, त्याच मुलखांत उन्हाळ्यांत एका कळशीसाठीं अर्धा दिवस घालवावा लागतो, ह्याचें परक्या माणसास नवल वाटतें. आपणांस वाटत नाहीं. डोंगराचा काळा पाषाण पाणी धरीत नाहीं, आणि तें दमणगंगेच्या वाटेनें गुजरातेकडे निघून जातें, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों.

अशा ह्या पाड्यांवर अलीकडे शहरांतील सेवाभावी क्लब येऊं लागले आहेत. कोणी विहीर खोल करून देतात, कोणी टांकी व नळ बसवितात, कोणी डोळ्यांचें शिबिर भरवितात, कोणी शाळेंतील मुलांस दप्तरें आणि थंडींत म्हाताऱ्यांस ब्लँकेटें देतात. त्यांच्याबरोबर कापडी फलक येतो, हारतुरे येतात, फोटो काढणारा येतो. हें पाहून आमच्या एका उपदेशकबंधूनें आम्हांस विचारिलें, “हे लोक नांवासाठीं देतात. ज्याच्या मुळाशीं नांवाची हांव आहे, असें दान आपण घ्यावें काय? आणि घेतलें, तर त्यांच्या दिखाऊपणांत आपणही भागीदार झालों कीं नाहीं?” प्रश्न साधा दिसतो, परंतु साधा नाहीं, म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम आम्हीं आमचा स्वतःचा दोष सांगणें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं एका क्लबाचीं माणसें ब्लँकेटें वाटावयास आलीं, तेव्हां यादी करण्याचें काम आमच्याकडे होतें. एका वृद्ध बाईस ब्लँकेट देतांना फोटो नीट आला नाहीं. दुसऱ्यानें घेतला, तर पाहुण्यांपैकीं एकाचा चेहरा झांकला गेला. तेव्हां आम्हींच पुढें होऊन म्हटलें, “आजी, आणखी एकदां हात पुढें करा.” म्हातारीनें दिलेलें ब्लँकेट परत केलें आणि तिसऱ्यानें तें घेतलें. पाहुणे गेल्यावर आम्हीं तिला बरें वाटावें म्हणून दोन शब्द बोलावयास गेलों, तों तिनेंच आम्हांस विचारिलें, “बाबा, आतां तरी त्यांचें काम झालें ना? लांबून आले होते बिचारे.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमच्या मतें ती घेणारी होती; तिच्या मतें ती पाहुण्यांच्या अडीअडचणीस उन्हांत उभी राहिली होती. त्या दिवशीं देणारें कोण होतें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घर करून आहे.

आतां उपदेशकबंधूच्या प्रश्नाकडे वळूं. देणाऱ्याचा हेतु शुद्ध नसला, तर दान वाया जातें काय? ह्या क्लबांचा इतिहास पाहतां असें म्हणवत नाहीं. रोटरी क्लबाची स्थापना २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें तीन मित्रांसह केली. आरंभीं त्यांचा उद्देश परस्परांशीं स्नेह जोडावा आणि एकमेकांच्या धंद्यास हातभार लागावा, इतकाच होता. पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत बैठक भरे, त्यावरून तें नांव पडलें. पुढें १९०७ सालीं त्यांनीं शहरांत सार्वजनिक शौचालय व्हावें म्हणून खटपट केली, आणि लोकसेवेचें त्यांचें पहिलें काम म्हणून तेंच सांगितलें जातें. लायन्स मंडळाचा प्रकारही असाच. विम्याचा धंदा करणाऱ्या मेल्विन जोन्स ह्यांनीं १९१७ सालीं व्यापाऱ्यांच्या क्लबांस एकत्र केलें. १९२५ सालीं हेलन केलर ह्या अंध व बधिर बाईनें त्यांच्या परिषदेंत उभें राहून अंधांची बाजू घेण्याची विनंती केली, तेव्हांपासून डोळ्यांची सेवा हें त्यांचें मुख्य काम झालें. तेव्हां धंद्याच्या स्नेहांतून निघालेली गोष्ट पुढें परोपकाराकडे वळूं शकते. गढूळ ओहोळाचें पाणीही शेतास चालतें. पीक त्यास हेतु विचारीत नाहीं.

पोलिओचें उदाहरण तर आपल्या अंगणांतलें आहे. जगांतून हा रोग घालवावा म्हणून रोटरीनें १९८५ सालीं मोठा संकल्प केला, आणि १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटना व इतर संस्था मिळून तें काम चालू झालें. भारतांतील ह्या रोगाचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त ठरला. आज आपल्या पाड्यावर पाय लुळा पडलेलें तान्हें मूल दिसत नाहीं, ह्यांत त्या वर्गण्यांचा वांटा आहे; तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ह्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. पैसा परदेशांतून व शहरांतून आला. डोसाचे दोन थेंब मुलाच्या मुखांत पडले ते अंगणवाडीच्या ताईच्या हातून. थंड पेटी खांद्यास लावून ती ओढे ओलांडीत पाड्यापाड्यावर गेली, आणि भिणाऱ्या आयांस समजावीत बसली. तिचें नांव कोणत्याही फलकावर नाहीं. एका दानाचे पुष्कळ दाते असतात, आणि फलकावर बहुधा त्यांतला एकच मावतो.

पैशाविषयीं बोलावयाचें, तर तो कसा जमतो हेंही जाणून घेतलें पाहिजे. कांहीं भाग सभासदांच्या वर्गणीचा असतो. कांहीं नाटकाच्या प्रयोगाचीं तिकिटें खपवून, सोडत काढून, स्मरणिकेंत जाहिराती घेऊन जमवितात. कांहीं कंपन्यांकडून येतो. कारण कंपनी कायदा, २०१३ ह्याच्या १३५ व्या कलमान्वयें ठराविक मर्यादेपेक्षां मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यास लावावे, असा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. हें समजलें म्हणजे मान आपोआप थोडी सरळ होते. जें कायद्यानें द्यावयाचें आहे, त्यासाठीं घेणाऱ्यानें कमरेंत वांकण्याचें कारण नाहीं. नम्रपणें आभार मानावे, इतकें पुरे. दुसऱ्या बाजूनें, रोटरीच्या ज्या जागतिक निधींतून मोठमोठीं कामें होतात, त्यास १९१८ सालीं मिळालेली पहिली देणगी अवघी साडेसव्वीस डॉलर होती, हेंही विसरूं नये. विधवेच्या दोन टोल्यांची किंमत जाणणाऱ्या आपल्या मंडळींस लहान देणगीचें मोल समजावून सांगावयास नको.

म्हणून आमचें पहिलें मत असें कीं, तहानलेल्यानें पाणी देणाऱ्याचें मन तपासत बसूं नये. हेतूचा हिशेब घेणारा निराळा आहे. तो अधिकार आमचा नाहीं. शिवाय आमचे स्वतःचे हेतु तरी कोठें निर्मळ असतात? मंदिरांत वर्गणीचीं नांवें मोठ्यानें वाचलीं जातात, तेव्हां कान टवकारणारे आपणांतही थोडे नाहींत.

परंतु येथेंच थांबलों, तर विचार अपुरा राहील. हेतु देणाऱ्याच्या पोटांत असतो, पण देण्याची रीत उघड दिसते आणि ती घेणाऱ्याच्या अंगावर येते. ब्लँकेट देऊन जर म्हातारीची लाज घेतली, तर तें दान राहिलें नाहीं, सौदा झाला; आणि सौद्याची किंमत तिला आधीं विचारिली नव्हती. डाव्या हातास कळूं नये अशी जी शिकवण आपण मुलांस पाठ करवितों, तिचा एक अर्थ आम्हांस त्या दिवसापासून उमगूं लागला: ती देणाऱ्याच्या आत्म्यास जपते, तशी घेणाऱ्याच्या अब्रूसही जपते.

ह्यावर कोणी म्हणेल, फोटो नसता तर शहरास आपलें दुःख कळलें कसें असतें? हें म्हणणें बरोबर आहे. हरसूलजवळच्या शेंद्रीपाड्यावरील बायका नदीवर आडवें टाकलेल्या लांकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जात. तें चित्र वृत्तपत्रांत आलें, आणि जानेवारी २०२२ मध्यें सरकारनें तेथें लोखंडी पूल बसविला. तेव्हां फोटोंत पाप नाहीं. संकटाचा फोटो आणि दात्याचा फोटो ह्यांत मात्र अंतर आहे. पहिला पाहणाऱ्यास म्हणतो, “इकडे ये”, दुसरा म्हणतो, “मी येऊन गेलों.” त्याच पुलाची पुढची गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: जुलै २०२२ च्या पुरानें तो वाहून नेला. एका दिवसाच्या समारंभानें दिलेली वस्तु पुढच्या पावसाळ्यास टिकेल कीं नाहीं, हें विचारणारें कोणी तरी असावें लागतें. तें कोणी पाहुणा नव्हे, तें आपणच.

टिकणाऱ्या मदतीचा एक जुना नमुना आपल्याच समाजांत आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेंत असतां डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन शहरीं त्यांच्या नांवें एक मंडळ निघालें. गांवोगांवच्या सभासदांनीं दरवर्षीं निदान एक डॉलर, तोही दहा वर्षें देण्याचें वचन दिलें, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. एक डॉलर म्हणजे फार नव्हे. मोल होतें तें दहा वर्षांच्या वचनाचें. आणि ज्या विधवांसाठीं तो पैसा आला, त्यांस रमाबाईंनीं हात पसरून बसूं दिलें नाहीं. शिकविलें, शिकवितें केलें. केडगांवीं त्यांच्या मुलींनीं छापखान्याचें कामसुद्धां चालविलें. घेणाऱ्यास पुढें देणारा करणें, हीच दानाची कसोटी आम्हांस वाटते.

आतां आपलें कर्तव्य काय? कारण दुसऱ्याच्या दिखाऊपणावर टीका करणें सोपें आहे, आणि नळ नादुरुस्त झाल्यावर पुन्हां शहराकडे तोंड करून बसणें त्याहून सोपें. आपल्या बापजाद्यांस सावड ठाऊक होती. आज माझ्या शेतांत तूं, उद्यां तुझ्या शेतांत मी. त्यांत दाता नव्हता कीं याचक नव्हता. ती रीत ह्या नव्या दानास लावावी. कोणी क्लब वनराई बंधाऱ्यासाठीं रिकामीं पोतीं देऊं म्हणाला, तर पोतीं त्यांचीं आणि तीं मातीनें भरून ओहोळांत रचणारे हात आपले असावे. तसा बंधारा आपला होतो, आणि पोतें फाटलें तर बदलावयास कोणाची वाट पाहावी लागत नाहीं.

म्हणून मंडळीच्या पंचांस व उपदेशकांस आमची सूचना आहे कीं, असें कोणी आलें असतां तीन गोष्टी आधीं बोलाव्या. पहिली: हें काम पाहिजे असें गांवानें ठरविलें आहे काय? आपला मुलूख अनुसूचित क्षेत्रांत आहे, आणि १९९६ च्या पेसा कायद्यानें ग्रामसभेस विशेष अधिकार दिला आहे. तो वापरावा, आणि त्या सभेंत पाणी वाहणाऱ्या बायकांस प्रथम बोलूं द्यावें. दुसरी: मोडलें तर दुरुस्त कोण करील? ह्यासाठीं दर घरामागें महिन्यास थोडे पैसे एका डब्यांत जमवावे आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. तिसरी: फोटो काढावयाचा असल्यास विहिरीचा काढावा, टांकीचा काढावा, हात पसरलेल्या माणसाचा काढूं नये. हें आम्हीं अलीकडे एका क्लबाच्या मंडळींस भीत भीत सांगितलें. ते रागावले नाहींत. त्यांच्यांतील एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “हें आम्हांस पूर्वीं कोणी बोललेंच नाहीं.” तेव्हां दोष एकट्या त्यांचा नव्हता, गप्प राहणारे आपणही त्यांत होतों.

शेवटीं त्या वृद्ध बाईविषयीं एक शब्द. तिच्याजवळ देण्यासारखें कांहीं नाहीं, असें समजून आम्हीं तिचें नांव यादींत वर लिहिलें होतें. पाहुण्यांचा वेळ फुकट जाऊं नये म्हणून ती तीनदां उठून उभी राहिली, आणि तें उपकार म्हणून तिनें कोणास सांगितलें नाहीं. आम्हीं पुढें जाऊन तिची क्षमा मागितली, तेव्हां ती हंसली आणि नागलीची भाकर पुढें करून म्हणाली, “बसा, खा.” ती भाकर आम्हीं खाल्ली. घेणाऱ्यास मान कसा द्यावा, हें त्या दिवशीं तिच्या घरांत आम्हांस शिकावयास मिळालें.