ताल आणि वाटा

बार्शीच्या पूर्वेस, बालाघाटाच्या उतरणीवर, शेतांतून आडवे गेलेले जुने दगडी ताल पुष्कळांनी पाहिले असतील. धावते पाणी अडवून मुरवावे आणि माती राखावी, एवढेच त्यांचे काम. परंतु वरच्याचा ताल फुटला म्हणजे खालच्याचे शेत वाहून जाते. तेव्हा ताल एकाच्या शेतात असला, तरी तो त्या एकट्याचा म्हणता येत नाही.

हीच जाणीव खानदेशातील फड पद्धतीत नियमरूप पावलेली दिसते. पांझरेवरील बंधाऱ्यांखालच्या जमिनीचे तीनचार फड पाडीत. एका फडात एकच पीक घेत, आणि शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात असे. पाणी अपुरे पडल्यास एखादा फड कोरडा ठेवीत. तोटा होई, पण तो कोणा एकाच्याच माथी बसत नसे.

आज आपल्या भागात विंधनविहिरी झाल्या आहेत. जो अधिक खोल जातो त्यास पाणी लागते, आणि शेजाऱ्याची विहीर आटते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क भूमिस्वामीस दिला. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने त्यास मर्यादा घातल्या. तथापि कायदा फार तर खोली ठरवील. आपण होऊन कोरड वाटून घेण्याची बुद्धी तो कोठून देणार? सुकाळी पाणी वाटणे हे औदार्य होय. दुष्काळात टंचाई वाटून घेणे, हाच खरा शेजारधर्म. तो सुटला, म्हणजे तालाचे नुसते दगड उरतात.