न दिसण्याचे प्रमाण

एखादी वस्तू नाही, हे ज्ञान माणसाला कशाने होते, हा भारतीय तत्त्वज्ञानातील जुना वाद असून, सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले, तर नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच बसवले. एक अट मात्र दोन्ही पक्षांत आढळते: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घड्याचा अभाव सिद्ध होत नाही.

ही अट वाशीममधल्या एखाद्या गच्चीवरही तपासून पाहता येते. संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर आणि जेमतेम 7 सेंटिमीटर लांबीची तार एवढ्या साहित्यावर 1090 मेगाहर्ट्झवरचे विमानांचे संदेश पकडता येतात, आणि मध्ये अडथळा नसेल तर 35,000 फुटांवरचे विमान सुमारे 400 किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकते. परंतु ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानातील उत्तर देणारे यंत्र, एकाच प्रकारचे नसते. जुना मोड ए रडारने विचारल्यावर केवळ चार अंकी संकेतांक सांगतो, मोड सी उंची कळवतो, मोड एस प्रत्येक विमानाला दिलेला 24 बिटांचा स्वतंत्र पत्ता पाठवतो, आणि एडीएस-बी असलेले विमान कोणी विचारण्याची वाट न पाहता, उपग्रहांच्या आधारे काढलेले आपले स्थान सेकंदाला साधारण दोनदा जाहीर करत राहते. नकाशावर आपसूक उमटते ते हे शेवटचे विमान. नुसत्या मोड एसचे विमान यादीत येते, पण त्याची जागा ठरवायची तर दूरदूरच्या किमान चार रिसीव्हरांनी संदेश पोचल्याच्या वेळा ताडून पाहाव्या लागतात. म्हणून रिकाम्या नकाशावरून आकाश रिकामे ठरवणे हा तर्कदोषच होय. 8 मार्च 2014 रोजी मलेशियन एअरलाइन्सच्या 370 क्रमांकाच्या विमानाचा ट्रान्सपाँडर मुका झाला, तरी लष्करी रडारला, जे उत्तराची अपेक्षा न करता परावर्तित लहरींवर चालते, ते विमान पुढेही दिसत होते.

हीच अट एका श्रद्धेलाही लावून पाहता येते. वाशीम जिल्ह्यातीलच शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी विराजमान आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे, आणि मूर्तीखालून वस्त्र सरकवता येते असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. या श्रद्धेला केवळ भाबडेपणा समजणे अन्यायाचे आहे, कारण आधार डोळ्यांना दिसत नाही एवढ्यावर ती थांबत नाही. आधार असता तर वस्त्र जिथे अडले असते, नेमक्या त्या जागी ती वस्त्र नेते, आणि कुमारिलांची अट याहून वेगळे काही मागत नाही. अर्थात वस्त्र जिथून गेले तिथपुरताच आधाराचा अभाव त्यातून कळतो, आणि मूर्तीच्या उरलेल्या भागाखाली काय आहे हा प्रश्न त्याच शिस्तीने पुढे विचारण्यास श्रद्धावानालाही मोकळीक राहते.