न खाण्यासाठी धरलेला मासा

जिताडा हा मासा रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील खाडीकाठच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या पट्ट्यात खारभूमीच्या तळ्यांतून तो जपून वाढवला जातो, जावयाच्या ताटात मानाने पडतो, आणि साहेबांच्या घरी जिताडा पोचला की अडलेला कागद हलतो, असे अर्धे गमतीने व अर्धे खेदाने बोललेही जाते. शास्त्रज्ञ त्याला लेट्स कॅल्कॅरिफर म्हणतात, ऑस्ट्रेलियात तो बॅरामुंडी या नावाने प्रसिद्ध आहे, तर इंग्रजी पुस्तकांतून त्याचा उल्लेख आशियाई समुद्री बास असा येतो. या जिताड्याने माझ्यापुढे उतारवयात एक प्रश्न उभा केला आहे. जो मासा आपल्याला खायचा नाही, तो केवळ धरण्याच्या आनंदासाठी गळाला लावणे न्याय्य आहे काय?

प्रश्न वाचून काही वाचक हसतील. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य, परंतु मासा चालतो, असे पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या आपल्या समाजाने माशाच्या दुःखाची चर्चा करावी, यात थोडा विनोद आहेच. माशाला आपण मांसात धरत नाही म्हणूनच कदाचित त्याच्या वेदनेचा विचारही आपल्या मनाला फारसा शिवला नसेल. मलाही तो कधी शिवला नव्हता. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर हाताला काही चाळा हवा म्हणून मी रॉड आणि रीळ विकत घेतले, आणि नेरूळच्या बाजूला खाडीकाठी जाऊन उभा राहू लागलो.

नवी मुंबईची पुष्कळशी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. म्हणून १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर वसवताना हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरती चढली की खाडीच्या दाबाने तलावाची झडप बंद होते, आणि ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी ती झडप ढकलून बाहेर पडते. आज यांतील बरेच तलाव गाळाने आणि खारफुटीने भरून गेले आहेत, तरीही पावसाळ्यात ओहोटीच्या वेळी मोरीतून पाण्याचा लोट सुटतो व त्याबरोबर लहान बोय, कोळंबी आणि इतर बारीकसारीक जीव खाडीत वाहून येतात. नेमका तेथेच, फेसाच्या कडेला, संथ पाण्याच्या सावलीत जिताडा दबा धरून असतो. तो पाठलाग करणारा मासा नव्हे. वाट पाहणे हाच त्याचा व्यवसाय. भक्ष्य टप्प्यात आले की तो तोंड उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढून घेतो. त्या वेळी होणारा 'टप्प' असा आवाज ज्याने एकदा ऐकला, त्याला घरी बसवत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

त्याला फसवण्यासाठी जे साधन वापरतात त्याला ल्युअर म्हणतात. हा लाकडाचा, प्लॅस्टिकचा किंवा रबराचा खोटा मासा. तो ओढायचा, थांबवायचा, पुन्हा किंचित हिसका द्यायचा, जेणेकरून तो जखमी आहे असे वाटावे. अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटासारख्या राज्यांत स्वच्छ, पाणवनस्पतींनी भरलेली शेकडो सरोवरे आहेत. तेथील बास हा जिताड्याचा जवळचा नातलग नसला तरी स्वभावाने तसाच, म्हणजे शेवाळाच्या भिंतीच्या कडेला दबा धरणारा. तेथे पाणी इतके नितळ असते की दोरा बारीक लागतो, फेक लांब लागते आणि ल्युअरचा रंग अगदी नैसर्गिक लागतो, कारण तेथे माशाच्या डोळ्याला फसवायचे असते. आपली खाडी चिखलाळ. येथे डोळ्याचा उपयोग थोडा. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा नावाची संवेदनांची ओळ असते. तिच्याद्वारे तो पाण्यातले कंप जाणतो. येथे फसवायचे ते त्या ओळीला. म्हणजे जितका या कलेत निपुण व्हावे, तितके त्या जीवाच्या आकलनात शिरावे लागते. मी जिताड्याविषयी जे काही शिकलो ते त्याला फसवण्यासाठी शिकलो, हे कबूल करताना मला आता थोडा संकोच होतो.

या छंदात एक नवा धर्म रूढ झाला आहे: धरा आणि सोडा. मासा काठाशी आणायचा, छायाचित्र काढायचे, गळ सोडवायचा आणि मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. माझ्या तरुण सोबत्यांना याचा अभिमान होता, मलाही होता. पाग टाकून किलोभर चिल्लीपिल्ली घरी नेणाऱ्यांकडे आम्ही जरा वरूनच पाहत असू.

एका पावसाळ्यात मला चारेक किलोचा जिताडा लागला. दोन उड्या त्याने पाण्याबाहेर घेतल्या. पंधरा मिनिटांनी तो काठाशी आला. तीन तोंडांचा गळ होता. एक टोक वरच्या जबड्यात, दुसरे कल्ल्याजवळ. सोडवायला वेळ लागला, छायाचित्राला आणखी लागला. मग रीतीप्रमाणे त्याचे तोंड प्रवाहाकडे करून मी त्याला धरून ठेवले. त्याने शेपूट हलवली आणि तो गेला. त्या रात्री मला उत्तम झोप लागली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याच मोरीखालच्या चिखलात एक जिताडा मरून पडला होता आणि कावळ्यांनी त्याचा डोळा काढला होता. तोच होता असे मी शपथेवर सांगणार नाही. परंतु वरच्या जबड्याची कड फाटलेली होती.

तेथे चिंबोऱ्यांसाठी आलेले एक आगरी गृहस्थ होते. वयाने माझ्याहून मोठे. आम्ही एकमेकांना तोंडओळखीने जाणत होतो. ते क्षणभर माशाकडे आणि मग माझ्या रॉडकडे पाहून म्हणाले, "मास्तर, खावाचा नाय तं पकरला कशाला?"

यावर उत्तर देण्यासाठी मी बराच खटाटोप केला आहे. प्रथम मनात आले की या माणसाला दयेची कल्पना नाही. दुसऱ्याच क्षणी आठवले, मी उभा होतो तेथे कधी काळी त्यांचे भातखाचर किंवा मिठागर असावे. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण प्राणास मुकले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. ज्याचे पाणी आणि चिखल हे पोटाचे साधन होते त्याचे ते साधन आटले. ज्याला त्या शहरात सदनिका मिळाली, त्या माझ्यासारख्याला तेच पाणी करमणुकीला उरले. मासा सोडून देणे मला परवडत होते. जे परवडते त्याला दया म्हणावे काय, हा माझा पहिला अडथळा.

दुसरा अडथळा वेदनेचा. माशाला दुखते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मानवी वेदनेला मेंदूचा जो भाग आवश्यक आहे तो माशांना नाही, म्हणून त्यांना आपल्या अर्थाने वेदना नाही, असे अमेरिकेतील जेम्स रोझ यांनी २००२ साली मांडले. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठात आम्ल टोचलेले मासे आपले ओठ तळाच्या खडीवर घासत होते. स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या नियमांनी तर सोडून देण्याच्या हेतूने मासा गळाला लावण्यासच मनाई केली आहे. खायचा असेल तर धर, अन्यथा धरू नको. स्विस कायदा आणि आमचे आगरी गृहस्थ एकाच ठिकाणी पोचले, याचे मला नवल वाटले.

संत थॉमस अक्वायनस यांचा युक्तिवाद असा की प्राण्यांशी क्रौर्य करू नये, कारण त्याने माणसाचे मन माणसाविषयीही निबर होते. हा विचार मला अपुरा वाटतो, कारण त्यात मासा केवळ आपल्या चारित्र्याचा आरसा ठरतो. परंतु छंदाच्या बाबतीत तो नेमका लागू पडतो. पाग टाकणाऱ्याला माशाची तडफड नको असते. ती जितकी लवकर संपेल तितके बरे. माझा आनंद मात्र त्या तडफडीतच होता. मासा लढला नाही तर आम्ही निराश होत असू! नव्या करारात गळाने मासा धरल्याचा उल्लेख एकदाच येतो. मंदिराच्या करासाठी प्रभू येशू पेत्राला गळ टाकायला सांगतो आणि माशाच्या तोंडात नाणे सापडेल असे म्हणतो. तेथे गळ आहे, निकड आहे आणि देणेही आहे. खेळ नाही.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर मी रॉड विकून टाकला असता. तो मिटत नाही, कारण कावेरीचे उदाहरण आड येते. कर्नाटकात कावेरीकाठच्या गालिबोर येथील शिबिरात हौशी लोक महसीर धरून सोडत असत आणि प्रत्येक माशाची नोंद ठेवत असत. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी तपासल्यावर तेथला मूळचा मदारपाठीचा महसीर झपाट्याने नाहीसा होत असून बाहेरून सोडलेला दुसरा महसीर त्याची जागा घेत आहे, हे उघड झाले. २०१८ साली त्या माशाची टॉर रेमादेवी अशी शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि तो अत्यंत धोक्यात आलेल्या जातींत गणला गेला. शिवाय हे हौशी लोक काठावर असल्याने नदीत सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना काही धाक होता. शेकडो जबडे दुखावले गेले, आणि त्यातूनच एक अख्खी जात नष्ट होत असल्याचे कळले. या हिशेबाचे मला अजून उत्तर सुचलेले नाही.

आणि जिताडा स्वतःच गुंता वाढवतो. तो प्रथम नर असतो. साधारणपणे पाच-सहा वर्षांचा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा हा बहुधा मादीच. पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी जाऊन ती लाखो अंडी घालते. तेव्हा खायचा तोच धरावा या नियमाने ताटाला शोभेल असा भला थोरला मासा घरी न्यावा, तर नेमकी जी सुटायला हवी तीच मारली जाते. आगरी गृहस्थांना मी हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गाभोळीइतके गोड दुसरे काही नाही, असे उत्तर दिले.

सध्या मी असे करतो: तीन तोंडांऐवजी एकच गळ, त्यामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला, दोरा जाड, म्हणजे झुंज लांबू नये. दीड-दोन किलोचा एक मिळाला की घरी न्यायचा आणि रॉड आवरायचा. मोठा लागला तर पाण्यातच सोडवायचा, छायाचित्र नाही. याने इजा कमी होते. मी तेथे का जातो, याचे उत्तर मात्र मिळत नाही, कारण मासा बाजारातही मिळतो.

गेल्या अमावास्येच्या उधाणाला मी रिकाम्या हातांनीच गेलो आणि त्या गृहस्थांशेजारी बांधावर बसलो. ओहोटी लागली, मोरीची झडप करकरत उघडली, आणि थोड्या वेळाने फेसाच्या कडेला तो आवाज झाला. दोघांच्याही माना एकदम तिकडे वळल्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले.

"रॉड कुठं हाय, मास्तर?"